सहाशे एकर, पाचशे माणसं आणि थकलेला खंड

आयर्लंडच्या रॉसकॉमन काउंटीत स्ट्रोक्सटाउन नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथून काही मैलांवर बॅलीकिलक्लाइन नावाची जागा आहे, साधारण सहाशे एकरांची. आज तिथे बहुतेक कुरणंच आहेत. १८४१ च्या सुमाराला एवढ्याच जागेत पाचशेच्या आसपास माणसं राहत होती, आणि १८४८ चा उन्हाळा लागला तेव्हा जमीन मोकळी झालेली होती. अशा ओस पडलेल्या जागा आयर्लंडमध्ये हजारोंनी सापडतील. बॅलीकिलक्लाइनचं वेगळेपण एवढंच की इथली घराणी आपल्याला नावानिशी माहीत आहेत. त्याचं कारण गमतीचं आहे: या लोकांनी बारा वर्षं खंड भरला नाही.

ही भानगड समजायची तर आधी टाउनलँड म्हणजे काय ते पाहू. नावात टाउन असलं तरी शहराशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'मौजे अमुक' असतं, मग तिथे वस्ती असो वा नसो, तसंच हे. टाउनलँड म्हणजे ठरलेल्या शिवेतला जमिनीचा तुकडा, ज्याला नाव आहे. संपूर्ण आयर्लंड बेटावर असे एकसष्ट हजारांहून जास्त तुकडे आहेत. सरासरी आकार सव्वातीनशे एकर, पण सरासरीवर जाऊ नये. काही टाउनलँड एक एकरही भरत नाहीत, तर पश्चिमेच्या डोंगराळ, दलदलीच्या भागात काही सात हजार एकरांच्याही वर जातात. जुनी मोजणी फूटपट्टीने नव्हती, जमीन किती माणसं-जनावरं पोसते यावर होती. त्यामुळे कसदार मुलखात टाउनलँड लहान आणि खडकाळ मुलखात मोठी.

टाउनलँडच्या वर पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून पडलेला विभाग), त्यावर बॅरनी, त्यावर काउंटी. बॅरनी आता कागदावरच उरली आहे. टाउनलँड मात्र अजून जिवंत आहे. खेड्यातल्या माणसाचा पत्ता म्हणजे त्याचं नाव, टाउनलँड आणि जवळचं पोस्टाचं गाव. घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. एकाच टाउनलँडमध्ये एकाच आडनावाची चार घरं असली तर पत्र कुणाचं हे पोस्टमनने ओळखायचं. २०१५ मध्ये आयर्लंडच्या प्रजासत्ताकात प्रत्येक घराला स्वतंत्र कोड मिळाला, तोवर देशाचा कारभार या भरवशावर चालला होता.

शिवा जुन्या, कित्येक ठिकाणी मध्ययुगापासूनच्या. ओढा, बांध, दलदलीची कड, जुनी पायवाट अशा खुणांवरून त्या चालत आलेल्या. त्या नेमकेपणाने कागदावर उतरल्या त्या मात्र ब्रिटिश सरकारच्या करापायी. स्थानिक कर टाउनलँडवर बसायचा आणि त्याचे आकडे पार जुनाट झाले होते. म्हणून १८२४ मध्ये कर्नल थॉमस कोल्बी यांच्या हाताखाली मोजणी सुरू झाली. एका मैलाला सहा इंच या प्रमाणात सगळ्या बेटाचे नकाशे १८४६ पर्यंत तयार झाले. एवढ्या मोठ्या प्रमाणात पूर्ण देश मोजण्याचा त्या काळातला हा अजस्र उद्योग. पायारेषा, म्हणजे जिच्यावरून पुढची सगळी अंतरं काढतात ती रेषा, मोजायला कोल्बीने दोन धातूंचे गज जोडून असं साधन बनवलं होतं की उष्णतेने लांबी बदलू नये. आपले जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये आयर्लंडला जाऊन ही पद्धत पाहून आले आणि तसले गज घेऊन हिंदुस्थानात परतले. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात पुढे तेच वापरले गेले.

मोजणीवाल्यांपुढे आणखी एक त्रांगडं होतं. नावं आयरिश भाषेतली, लिहिणारे इंग्रज. एकाच जागेची जुन्या कागदांत सहा-सहा स्पेलिंगं. मग जॉन ओ'डोनोव्हन नावाच्या विद्वानाला काउंटीमागून काउंटी फिरवलं गेलं. तो वाटेत वृद्ध माणसं गाठायचा, नाव त्यांच्या तोंडून ऐकायचा, आयरिश रूप टिपायचा आणि इंग्रजी स्पेलिंग सुचवायचा. आज नकाशावर दिसतात ती बहुतेक रूपं त्या खटाटोपातून आलेली.

आता माणसांकडे वळू. १८४५ च्या आधीच्या एखाद्या टाउनलँडमध्ये जमिनीचा मालक एक, पण त्याच्यात आणि नांगरधाऱ्यात तीन-चार थर. वर जमीनदार, पुष्कळदा डब्लिनला किंवा लंडनला राहणारा. त्याच्याकडून लांब मुदतीच्या कराराने जमीन घेणारा मध्यस्थ. मध्यस्थाकडून तुकडे घेणारी कुळं. आणि कुळाकडून झोपडीपुरती जागा व बटाट्यापुरता वाफा घेणारा कॉटियर, जो बदल्यात कुळाच्या शेतात राबायचा. सगळ्यात खाली होता एका हंगामापुरता वाफा भाड्याने घेणारा मजूर. त्याच्या हातात करारही नसे. प्रत्येक थर खालच्याकडून आपल्या देण्यापेक्षा थोडं जास्त घेई, म्हणून सर्वांत गरीब माणूस एकरी सर्वांत महाग जमीन कसत असे. खंडाचे हप्ते वर्षाला दोन, मे आणि नोव्हेंबरमध्ये. एक हप्ता मागे राहू देण्याची पुष्कळ ठिकाणी वहिवाटच होती. ही सवलत दिसायला गोड, पण त्यामुळे कूळ कायमचं थकबाकीदार राहायचं आणि कधीही त्याला बाहेर काढता यायचं.

पश्चिमेकडे जमीन बऱ्याचदा सामाईक असे. या पद्धतीला रनडेल म्हणतात. दहा-पंधरा घरांनी मिळून खंडाची जबाबदारी घ्यायची, घरं एका ठिकाणी दाटीवाटीने बांधायची आणि भोवतालच्या जमिनीत प्रत्येकाने चांगल्या मातीतली एक पट्टी, मध्यम मातीतली एक, भिकार मातीतली एक अशी वाटून घ्यायची. डोंगरावरचं कुरण सगळ्यांचं, कुणी किती जनावरं सोडायची ते ठरलेलं. न्याय म्हणून ही व्यवस्था उत्तम होती. पोरं वाढली की पट्ट्यांच्या चिंध्या होत गेल्या. डोनेगलमधल्या ग्वीडोर भागात लॉर्ड जॉर्ज हिल या जमीनदाराने १८३८ पासून जमिनी घेतल्या. तिथलं अर्ध्या एकराचं एक शेत सव्वीस जणांत वाटलेलं होतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याचीच दुसरी गोष्ट: तिघांनी मिळून एक घोडा घेतला. प्रत्येकाने एकेका पायाच्या नालाचा खर्च केला, चौथ्या पायाला कुणीच तयार होईना, आणि घोडा लंगडा झाला. अर्थात हिलला रनडेल मोडून जमिनी नव्याने आखायच्या होत्या. तेव्हा गोष्टीत थोडा मीठमसाला असणारच.

कुटुंब चालायचं ते बटाट्यावर. रॉसकॉमनकडे नांगराऐवजी 'लॉय' वापरायचे: लांब दांड्याची, अरुंद पात्याची, एकाच बाजूला पाय ठेवायची जागा असलेली जड कुदळ-फावडी. तिने गवताची साल उलटवून दोन्हीकडून मधल्या पट्टीवर टाकायची, खाली शेण किंवा खत, त्यात बटाट्याचे डोळे. झाला वाफा. दलदलीच्या जमिनीतही पाणी बाजूच्या चरातून निघून जाई. नांगर जिथे रुतेल तिथे लॉय चाले, म्हणून भिकारातली भिकार जमीन लागवडीखाली आली. लंपर नावाची बटाट्याची जात तिथेही भरघोस येई. चवीला बेचव, पण पोट भरणारी. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, सोबत ताक. धान्य पिकायचं ते विकायला, डुक्कर वाढायचं ते खंडासाठी. जेवायला बटाटा आणि खंडाला बाकी सगळं, हा त्या घराचा हिशेब.

बॅलीकिलक्लाइनची जमीन मुळात ब्रिटिश राजसत्तेची, म्हणजे सरकारी. स्ट्रोक्सटाउनच्या महोन घराण्याने ती लांब कराराने घेतली होती आणि कुळांना दिली होती. १८३४ मध्ये करार संपला. सरकारने ठरवलं, आता मधला माणूस नको, खंड आपणच गोळा करू. सरकारी खात्याचा एजंट येऊन पाहतो तर काय, कुळं थकबाकीत, जमिनीचे तुकडे कुणाचे कुणाला कळेनात, आणि लोक द्यायला तयार नाहीत. आम्ही वर्षानुवर्षं कसतो आहोत, मालक कोण ते आधी ठरू द्या, असा त्यांचा पवित्रा.

तिथून बारा वर्षांचा खेळ सुरू झाला. नोटिसा निघाल्या. पोलिसांच्या बंदोबस्तात काही घरं रिकामी केली; बंदोबस्त हलला की लोक पुन्हा आत. खटले झाले तर कुळांनी वर्गणी काढून वकील दिला. वरिष्ठांकडे अर्ज गेले, त्यांची भाषा अत्यंत लीन, गरीब रयतेवर कृपा व्हावी अशा थाटाची. पैसे मात्र नाहीत. सही करता न येणाऱ्यांनी नावापुढे फुल्या मारल्या. सरकारी खातं म्हणजे कागदाचा कारखाना. प्रत्येक नोटीस, प्रत्येक अहवाल, कुणाकडे किती जमीन, घरात माणसं किती, थकबाकी किती, सगळं दप्तरी दाखल झालं. शेजारच्या टाउनलँडमधल्या ज्या कुळांनी खंड मुकाट्याने भरला, त्यांच्याविषयी असलं काहीही शिल्लक नाही.

हे लोक खरोखर कफल्लक होते का? १९९८ ते २००२ च्या दरम्यान चार्ल्स ऑर्सर या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने तिथल्या घरांच्या जागा खणल्या. दूध-लोणी ठेवायची जाडीभरडी तांबडी मातीची भांडी निघाली, ती अपेक्षितच होती. पण त्यांच्या जोडीने इंग्लंडमध्ये बनलेल्या, नक्षी छापलेल्या पांढऱ्या बशा-कपांचे तुकडेही बरेच निघाले. खंडाचे वाचलेले पैसे बाजारात गेले, असा याचा एक अर्थ लागतो. मला तो पटतो. बारा वर्षं दोन्ही हप्ते घरात राहिले तर माणूस काय करेल? चांगली बशी घेईल.

सप्टेंबर १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. पानं काळी पडली, जमिनीतले बटाटे सडून त्यांचा लगदा झाला. १८४६ चं पीक जवळजवळ पूर्ण गेलं. १८४७ मध्ये रोग कमी होता, पण बियाणंच खाऊन संपलेलं, त्यामुळे लागवड थोडी. देशात दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ ची ८१ लाख ७५ हजार लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. रॉसकॉमनने जवळपास एक तृतीयांश माणसं गमावली.

पण टाउनलँड रिकाम्या होण्यामागे नुसता करपा नव्हता, दोन कायदेही होते. गरिबांच्या मदतीसाठी जो स्थानिक कर होता, तो चार पौंड किंवा त्याहून कमी आकारणीच्या जमिनीवर कुळाने नव्हे, जमीनदाराने भरायचा होता. म्हणजे छोटी कुळं जितकी जास्त, तितका जमीनदाराचा कर जास्त, आणि दुष्काळात तर तो फुगत चाललेला. दुसरा कायदा १८४७ चा: पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून जास्त जमीन ज्याच्याकडे आहे त्याला सरकारी मदत नाही. पोरांच्या तोंडात घास घालायचा तर जमीन सोडा. जमीन सोडली की बहुतेक ठिकाणी घरही गेलं.

महोन घराण्याची इस्टेट तेव्हा कर्जात बुडालेली होती आणि मेजर डेनिस महोनकडे आली होती. त्याच्या एजंटाने हिशेब मांडला: ही माणसं वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सरकारी घरात, पोसायची तर वर्षाला जो खर्च, त्याच्या साधारण निम्म्यात ती कायमची कॅनडाला धाडता येतात. मे १८४७ मध्ये स्ट्रोक्सटाउनच्या इस्टेटीतली १,४९० माणसं रॉयल कालव्याच्या काठाने चालत डब्लिनला नेली. तिथून लिव्हरपूल आणि पुढे क्वेबेक. 'व्हर्जिनियस' जहाजावर ४७६ जण चढले, त्यांतले १५८ वाटेतच मेले. २ नोव्हेंबर १८४७ ला महोनला गोळ्या घालून मारलं. त्याच स्ट्रोक्सटाउनच्या वाड्यात आज दुष्काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

बॅलीकिलक्लाइनच्या बाबतीत जमीनदार खुद्द सरकार होतं. मार्ग तोच निघाला, फक्त जरा बेतशीर. कोर्टात कुळं हरली. मग देकार आला: थकबाकी विसरू, न्यूयॉर्कपर्यंतचा प्रवास खाण्यासकट आमच्या खर्चाने, जमीन सोडा. १८४७ च्या शरद ऋतूपासून पुढच्या वसंतापर्यंत साडेतीनशेहून जास्त माणसं तुकड्यातुकड्यांनी डब्लिन-लिव्हरपूलमार्गे अमेरिकेला गेली. मागे घरं पाडून टाकली. काही कुटुंबं व्हर्मांट राज्यात रटलंडला स्थिरावली, जिथे संगमरवराच्या खाणी होत्या. त्यांचे वंशज आज आपलं मूळ शोधतात तेव्हा त्यांना ते सापडतं, कारण सरकारने निघालेल्यांच्या याद्या कुटुंबवार केल्या होत्या.

बाकीच्यांना ते का सापडत नाही, हे पाहण्यासारखं आहे. आयर्लंडची प्रसिद्ध नोंद म्हणजे रिचर्ड ग्रिफिथची आकारणी. १८४७ ते १८६४ या काळात टाउनलँडवार छापलेली. कूळ कोण, कुणाकडून धरलं, घर आहे की नाही, जमीन किती, वार्षिक किंमत किती, असे रकाने. सोबतच्या नकाशावरच्या आकड्या-अक्षरांवरून कुणाचं घर नेमकं कुठे होतं तेही काढता येतं, आणि एका कंसात चार-पाच नावं दिसली की तिथे रनडेल टिकून होतं असं समजावं. पण ही मोजणी रॉसकॉमनला पोचेपर्यंत १८५० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. निघून गेलेली, मेलेली घराणी तिच्यात नाहीतच. त्याआधीची, १८२३ ते १८३७ ची, चर्चच्या दशांशाची यादी आहे. कॅथलिक शेतकऱ्यांना प्रोटेस्टंट चर्चसाठी द्यावा लागणारा तो कर. त्यात जमीनवाले आहेत, मजूर नाहीत. जनगणना १८२१ पासून दर दहा वर्षांनी होत होती, पण १८२१ ते १८५१ चे जवळपास सगळे तक्ते ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या सरकारी दप्तरखान्यासकट जळाले. यादवी युद्धाचा पहिलाच आठवडा होता तो. १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेले. एवढ्या निगुतीने स्वतःची कागदपत्रं घालवलेला दुसरा देश शोधावा लागेल.

मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं, ते थोडक्यात. १८७९ मध्ये मायकेल डेव्हिटच्या पुढाकाराने लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली. १८८१ च्या कायद्याने रास्त खंड, कसण्याची हमी आणि हक्क विकण्याची मुभा दिली. १९०३ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारच्या कर्जातून कुळांना जमीन विकत घेता आली. फेड साडेअडुसष्ट वर्षांची. गंमत अशी की १९३२ मध्ये स्वतंत्र झालेल्या आयर्लंडच्या डी व्हॅलेरा सरकारने हे हप्ते ब्रिटनला पाठवायचंच थांबवलं. त्यावरून सहा वर्षं व्यापारयुद्ध चाललं आणि १९३८ मध्ये एक कोटी पौंडांवर तोड झाली. बॅलीकिलक्लाइनची युक्ती एका अख्ख्या देशाने वापरली म्हणायची.

घरातला बदल याहून खोल होता. दुष्काळाआधी जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई. नंतर वाटणी बंद झाली, जमीन एकाच मुलाकडे जाऊ लागली. सुनेच्या हुंड्यात एका बहिणीचं लग्न निघे, उरलेली भावंडं बोटीवर. १९३० च्या दशकात क्लेअर काउंटीत राहून गेलेल्या हार्वर्डच्या संशोधकांनी ही रीत बारकाईने टिपली. मुलाचं लग्न ठरलं की वकिलाकडे कागद होई आणि म्हातारा-म्हातारी घराच्या पश्चिमेकडच्या खोलीत सरकत. त्यांना किती बटाटे, दूध, जळण मिळायचं तेही अनेकदा त्या कागदात असे. जमीन हाती येईपर्यंत मुलगा पंचेचाळीशीचा झाला तरी गावच्या लेखी 'पोरगा'च.

ही घरं डोळ्यांपुढे आणायची तर १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे तक्ते उघडावेत. पूर्ण वाचलेल्या सर्वांत जुन्या जनगणना त्याच, आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. टाउनलँडचं नाव टाकलं की घरामागून घर समोर येतं. कुटुंबाचा तक्ता घरच्या कर्त्याचा, पण घराचा तक्ता पोलीस शिपाई भरायचा. भिंती दगडाच्या की मातीच्या, छत कौलारू-पाटीचं की गवताचं, खोल्या किती, दर्शनी खिडक्या किती. त्याचे गुण मोजून घराचा दर्जा ठरे. तिसरा तक्ता गोठा, डुकरांचं खोपट, कोंबड्यांचं घर, धान्याची खोली यांचा. त्यावरून घराची ऐपत माणसांच्या यादीपेक्षा जास्त कळते.

वयाच्या रकान्यावर मात्र विसंबू नये. १९०१ मध्ये पंचावन्न वर्षांची असलेली बाई १९११ मध्ये सत्तर-बहात्तरची निघते, आणि असं एखाद्याच घरात होत नाही, टाउनलँडच्या टाउनलँड अशा भेटतात. जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं होतं. सरकारी जन्मनोंदणी १८६४ ची, म्हणजे त्या पिढीकडे दाखला नव्हता. दाखल्याअभावी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून त्या कुटुंबाची नोंद शोधून तिचा उतारा काढत. मूळ तक्ते पुढे जळाले, असे उतारे मात्र बरेच राहिले. दोन जनगणनांत मेळ बसला नाही तर दोन्ही वयं अंदाजाचीच धरावीत.